शिडाचं पोट

"चादर काढा आणि मग ठेवा," काट्यामागची बाई म्हणाली. "चादरीचं वजन होडीत धरत नाही आम्ही."

मास्तरांनी होडीभोवतीची चादर सोडली. रुग्णालयातून बाद झालेली चादर होती, कडेला निळा शिक्का. आत मीटरभर लांबीची पांढरी होडी, तिच्या तळाला लांब पट्टी आणि पट्टीच्या टोकाला शिशाचा गोळा. त्यांनी ती दोन्ही हातांवर घेऊन काट्यावर आडवी ठेवली.

"चार किलो तीस ग्रॅम. बसते नियमात. होडीचं नाव?"

"नाही ठेवलेलं."

"मग काय लिहू?"

"काही लिहू नका."

बाईंनी वर पाहिलं. फॉर्मवर वय अठ्ठावन्न, व्यवसाय शिंपी, स्पर्धेचा अनुभव शून्य असं लिहिलं होतं. अक्षर मुलीचं होतं, पण ते बाईंना कसं कळणार? "तिसरा गट," त्या म्हणाल्या आणि मास्तरांच्या हातात एक बिल्ला दिला. "पहिल्यांदा येणारे सगळे तिसऱ्या गटात. प्रत्येक फेरीत पहिले चार वरच्या गटात जातात, वरचे शेवटचे चार खाली येतात. तीन दिवसांत बरेच जिने चढाल-उतराल."

"बरं," मास्तर म्हणाले.

गेले आठ महिने ते जास्त करून 'बरं' एवढंच म्हणत होते. 'नाही' म्हटलं की कारण द्यावं लागतं. 'बरं' म्हटलं की माणसं निघून जातात. असंच 'बरं' म्हणून ते इथे येऊन पोहोचले होते. लेकीचा फोन आला होता. "बाबा, खेळातल्या शिडाच्या होड्यांची मोठी स्पर्धा आहे, सगळीकडून लोक येतात. मी तुमचं नाव दिलंय. आता गेला नाहीत तर माझंच हसं होईल." ते बरं म्हणाले. तिनेच तिकीट काढून पाठवलं. ठरलेल्या दिवशी मास्तर होडी मांडीवर घेऊन सहा तास खिडकीशी बसून आले. खिडकीतून काय काय गेलं हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

मास्तर एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणघरात काम करत. शिवणघर तळघरात, धुलाईखात्याला लागून होतं. खिडकी एकच, तीही छताजवळ, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, ऑपरेशनचे हिरवे झगे असं सगळं गठ्ठ्यांनी खाली येई आणि दुरुस्त होऊन वर जाई. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. वर कोण बरं झालं आणि कोण नाही, हे खाली कळत नसे. चादर मात्र सगळ्यांची सारखीच फाटे.

त्यांची बायको त्याच रुग्णालयात टेलिफोनवर होती. तिला बघितलेले थोडे, पण आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा. रोज एक वाजता शिवणघरातला आतला फोन वाजे. "जेवलात का?" "बसतोय." "बसा मग." एवढंच बोलणं. होडीचं खूळ मास्तरांच्या डोक्यात शिरलं ते सहा वर्षांपूर्वी. कुणाच्या तरी अडगळीतला मोडका सांगाडा त्यांनी घरी आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला, आणि बायकोने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "झालं. या वयात सवत आणली घरी." पुढे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तशीच ओळख करून देई. "ही आमची धाकटी. हिला स्वयंपाक येत नाही, पण नखरे बघा." रविवारी दोघं गावाबाहेरच्या तलावावर जात. मास्तर होडी सोडत, ती विणकाम घेऊन बसे. शर्यत कधी लावली नव्हती. लावणार कुणाशी?

आठ महिन्यांपूर्वी ती अकरा दिवस त्याच रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. बाराव्या दिवशी मास्तर घरी आले, कपडे बदलले आणि झोपले. त्यानंतर तिसऱ्या दिवसापासून कामावर जाऊ लागले. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. मास्तरांना धीर वगैरे काही जाणवत नव्हता. बधिर केलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसे दिवस जात होते. दाढ आहे हे कळत होतं, इतकंच.

*

तळं मोठं होतं. काठाला सिमेंटची पायवाट, तिच्यावर बारा-बारा माणसं गळ्यात रिमोट अडकवून ओळीने उभी राहत. रिमोटला दोन दांडे, एक सुकाणूचा, दुसरा शिडाच्या दोरीचा. एवढ्यावर सगळा खेळ. पाण्यात नारिंगी रंगाचे चार बोये तरंगत होते, त्यांना ठरलेल्या बाजूने वळसे घालून यायचं. भोंग्यातून एक ध्वनिमुद्रित आवाज साठपासून उलटे आकडे मोजे आणि शून्याला शिट्टी होई.

पहिल्या दिवशी मास्तर पहिल्या फेरीत बारावे आले. दुसऱ्या फेरीत बारावे आले. तिसऱ्या फेरीत त्यांची होडी पाणवेलीत अडकली आणि बाकी सगळे काठाला लागल्यावर एका नावाड्याने ती सोडवून आणली.

"पुन्हा बारावा," शेजारचा गडी म्हणाला. तो अकरावा आला होता. बसचालक होता, पोट सुटलेला, डोक्यावर कामावरचीच टोपी. "मनावर घेऊ नका हो. इथं जिंकायला चौघंच येतात. त्यांना हरवायला कुणी लागतं ना, म्हणून आपल्याला बोलावतात."

"तुम्ही दरवर्षी येता?"

"सातवं वर्ष. एकदा दुसऱ्या गटात गेलो होतो. अर्धा तास. काय तो थाट! मग परत आलो, आपल्या माणसांत." तो स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसला. "बायको म्हणते, हरायला एवढ्या लांब कशाला जाता, घरी मी आहे की."

मास्तर हसले नाहीत. हसायचं राहून गेलं हे त्यांना थोड्या वेळाने कळलं, पण तोवर बसचालक दुसऱ्याशी बोलत होता.

ज्यांची फेरी नसे त्यांनी निरीक्षक म्हणून उभं राहायचं असा नियम होता. कुणाची होडी बोयाला लागली की मोठ्याने नंबर सांगायचा. ज्याची लागली त्याने होडीला जागच्या जागी एक गिरकी द्यायची. तीच शिक्षा. पहिल्या गटाच्या फेरीला मास्तरांना निरीक्षक केलं. तीन वेळा ही स्पर्धा जिंकलेला माणूस त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता, आणि तो चुकला तर सांगायचं काम कालपर्यंत एकटाच होडी सोडणाऱ्या माणसाकडे. जिंकणारा पेशाने दातांचा डॉक्टर होता. अंगाने काटकुळा, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय. सगळे त्याला दातवाले म्हणत.

फेरी संपल्यावर दातवाले तडक मास्तरांच्या होडीपाशी जाऊन उकिडवे बसले. शिडाची कड बोटाने चाचपली.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"हाताने?"

"पायाच्या मशीनवर. टोकं हाताने."

"अहो, लोक तयार शिडं मागवतात. त्यांनाही असा टाका नसतो." त्यांनी शीड उन्हासमोर धरलं. कागदासारखं वाजणारं, पातळ कापड. तीन पट्ट्या जोडून केलेलं, आणि जोडताना प्रत्येक पट्टीची कड केसभर गोलाईत कापलेली, म्हणजे शिवल्यावर कापडाला आपोआप फुगीरपणा येतो. "पोट तुम्ही उत्तम काढलंय. कुठे शिकलात?"

"झग्याच्या खांद्याला काढतात तसंच. टक न घेता गोलाई."

"मग बांधताना त्या पोटाचा गळा का दाबलात?" दातवाल्यांनी शिडाच्या तिन्ही कोपऱ्यांच्या दोऱ्या दाखवल्या. त्या तारेसारख्या ताणलेल्या होत्या. शिडावर एक सुरकुती नव्हती.

"सुरकुती दिसते हो सैल सोडलं की."

"दिसू दे. पलंगावरची चादर आहे का ती? वाऱ्याला बसायला जागा नको? तुम्ही त्याला बाहेरच्या बाहेर घालवता आणि मग बारावे येता." त्यांनी एक दोरी सोडली, बोटाच्या पेराएवढी. शिडाला कडेजवळ बारीक चुणी पडली. मास्तरांचा हात आपोआप तिकडे गेला.

"हात मागे," दातवाले म्हणाले. खुर्चीत बसलेल्या रोग्याला म्हणावं तसं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा चांगला होता. शिट्टी झाली आणि मास्तरांची होडी अशी काही निघाली की त्यांना वाटलं आपण चुकून दुसऱ्याचीच होडी हाकतो आहोत. पहिल्या बोयाला ती पाचवी होती. आजवर त्यांना होडी पळवायची कशी हा प्रश्न होता, आवरायची कशी हा कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या बोयाजवळ समोरून एक जुनी तपकिरी होडी आली. वाट सोडायची ती मास्तरांनी. त्यांनी दांडा फिरवला, पण उशिरा. पांढऱ्या होडीचं नाक तपकिरी होडीच्या शिडात घुसलं, आणि ते फाटल्याचा आवाज काठापर्यंत आला. कापड फाटल्याचा आवाज मास्तर झोपेतही ओळखले असते.

तपकिरी होडी मोठ्या बाईंची होती. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय पंच्याहत्तरच्या पुढे, जाड भिंगांचा चष्मा, बसायला घडीची खुर्ची सोबत. होडी कुठे आहे हे त्यांना नीट दिसत नसे. त्या शेजाऱ्याला विचारत, "माझी कुठे आहे रे?" आणि शेजारी त्यांच्याशीच शर्यत लावत असला तरी खरं सांगे.

मास्तर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माझी चूक होती."

"ते सगळ्या तळ्याने पाहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला एकटीलाच दिसलं नाही. केवढं फाटलंय?"

"वीतभर."

"चिकटपट्टी लावा. सगळे लावतात."

"ओलं आहे. धरणार नाही." मास्तरांनी पिशवीतून डबी काढली. सुया, दोरा, मेणाचा तुकडा, कात्री. "जेवणाच्या सुट्टीत करून देतो."

बाकीची मंडळी मांडवात जेवायला गेली. मास्तर पायवाटेच्या कडेला बसले. मोठ्या बाईंनी आपली खुर्ची शेजारी आणून मांडली.

"तुम्हाला सगळे मास्तर म्हणतात. कुठल्या शाळेत होतात?"

"शाळा नाही. शिंपी."

"अस्सं. म्हणजे तुमचे विद्यार्थी शिकल्यावर पळून जात नाहीत."

मास्तरांनी आपल्याजवळच्या उरलेल्या कापडातून तुकडा घेतला, फाटलेल्या जागेवर धरून अंदाज घेतला आणि कात्रीने त्याचे चारही कोपरे गोल कापले. मोठ्या बाईंनी डोळे बारीक करून मान पुढे काढली.

"गोल का करता?"

"सवय. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. शिवाय टोचतो."

"शिडाला काय टोचणार?"

"शिडाला नाही. चादरीला." मास्तरांनी दोऱ्याला मेण लावलं. "माणूस महिनोन्महिने पाठीवर पडलेलं असतं. त्याच्या पाठीखाली ठिगळाचा कोपरा आला तर तेवढाही पुरतो. म्हणून गोल करायचे. पहिल्या वर्षीच करायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी सुई घातली, काढली. टाके एकामागून एक पडत होते. मग त्याच आवाजात, जणू दोऱ्याच्या जाडीबद्दल बोलावं तसे, ते म्हणाले, "आमची ही गेली तेव्हा तिच्या चादरीवर माझं ठिगळ होतं."

मास्तरांनी पुढचा टाका घातला.

"नेमकी तीच चादर आली होती तिच्या वाट्याला. शेकडो आहेत तिथं. डाव्या हाताशी होतं. मी ओळखलं. नवव्या दिवसापासून तिला बोलता येत नव्हतं. आयुष्यभर फोनवर बोलण्याचं काम केलेली बाई. पण बोट फिरवत होती. त्या ठिगळाच्या कडेकडेने. एकदा फिरवलं की पुन्हा. दोन दिवस. झोपेतसुद्धा." त्यांनी दोरा ताणून टाका बसवला. "तिला कळलं होतं की नाही, ते काही कळलं नाही मला. आणि मी बोललो नाही तिच्याशी. बोलायला पाहिजे होतं. मी नुसता त्या बोटाकडे बघत बसलो."

मांडवातून ताटांचा आवाज येत होता. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराने नाही, पिशवीतल्या रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला.

"गोल होतं म्हणून बोट फिरत राहिलं," त्या म्हणाल्या. "कोपरा असता तर तिथं थांबलं असतं."

मास्तरांचा हात सुईसकट थांबला. हे असं त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी त्या वाक्याकडे पाहिलं, शिवण तपासावी तसं, उलटून, सुलटून. त्यात कुठे उसवलेलं दिसेना.

"झालं का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दोन टाके राहिलेत."

"घाला मग. मला दीडची फेरी आहे."

*

त्या दुपारी मास्तर तिसऱ्या गटात चौथे आले. बसचालकाने टोपी हवेत उडवली आणि ती पाण्यात पडली. "गेला, गेला आपला माणूस वरच्या मजल्यावर!" तो ओरडला. दहा-बारा जणांनी मास्तरांच्या पाठीवर थापा मारल्या. दातवाले तोंडाकडे बघून म्हणाले, "सुरकुती किती शोभते बघा." मास्तर सगळ्यांना बरं, बरं म्हणाले. आनंद कसा असतो हे त्यांना आठवत होतं, पण तो जिथे व्हायचा ती जागा सापडली नाही. थापांनी पाठ मात्र गरम झाली होती.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागेच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी लेकीला फोन लावला. एरवी तीच लावत असे. त्यामुळे तिचा पहिला शब्द "काय झालं?" असाच आला.

"काही नाही. दुसऱ्या गटात गेलो."

"खरंच? बाबा! मग सांगा ना नीट. आवाज असा का?"

"आवाज नेहमीचाच आहे." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. "तुला एक सांगायचं राहिलं होतं. आईच्या शेवटच्या चादरीवर माझं ठिगळ होतं. ती त्याच्यावर बोट फिरवायची."

पलीकडून फक्त श्वास ऐकू आला.

"मी पाहिलं होतं," लेक म्हणाली. "बोट फिरवताना. मला वाटलं नुसतीच हालचाल आहे. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं म्हणून. बाबा, तुम्ही आठ महिने हे..." तिला पुढे बोलता आलं नाही.

ती रडत होती. मास्तरांना रडू आलं नाही. यायला हवं होतं असं वाटून ते थोडे थांबले, पण काही आलं नाही. फोन कानाला धरून ते उभे राहिले.

"ठेवू नका हं," लेक मध्येच म्हणाली.

"नाही ठेवत."

ओट्यासमोर कुणीतरी होड्यांची शिडं दोरीवर वाळत घातली होती. मास्तरांनी ती एका टोकापासून मोजली. चौदा होती. लेकीचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी ती तीनदा मोजली आणि फोन ठेवला नाही.

"उद्या किती वाजता आहे?" शेवटी तिने नाक ओढत विचारलं.

"दहाला."

"मग जेवा आणि झोपा आता. आणि उद्याही तुम्हीच करा फोन."

"बरं," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "करतो."

*

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गटात ते सातवे चालले होते. आठवे आले असते तरी तिथेच राहिले असते. खाली यायचे ते नववा ते बारावा. शेवटच्या बोयाला वळताना होडीची मागची कड बोयाला लागली. लागली म्हणजे नखाएवढी. बोया हललासुद्धा नाही. निरीक्षकांपैकी कुणी नंबर पुकारला नाही, आणि त्यांच्यात दातवालेही होते.

मास्तरांनी सुकाणूचा दांडा एका बाजूला पूर्ण दाबला. होडीने जागच्या जागी गिरकी घेतली. शिडं फडफडली. ती पुन्हा सरळ होईतो चार होड्या पुढे निघून गेल्या.

"अकरावा," नोंदणीवाल्या बाईंनी पुकारलं. "तिसरा गट."

"गिरकी कशाला?" दातवाल्यांनी विचारलं. "मी तिथंच बघत होतो. लागली नाही."

"लागली होती."

"मला दिसली नाही."

"उलटी बाजू गिऱ्हाईक कुठे बघतं?" मास्तर म्हणाले. "शिंप्याला माहीत असतं."

दातवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. "पुढच्या वर्षी या," ते म्हणाले. "मला शिडं शिवून हवीत. आणि शिवून घेतली तरी मी तुम्हाला हरवणार. ते वेगळं."

"बघू," मास्तर म्हणाले. आठ महिन्यांत पुढच्या वर्षाचा विषय प्रथमच निघाला होता, आणि ते 'बरं' म्हणून मोकळे झाले नव्हते.

तिसऱ्या गटाची शेवटची फेरी दुपारी चारला सुटली. बसचालक टोपी वाळवून परत आला होता. "या, या, घरी या," त्याने मास्तरांना सरकून जागा दिली. मोठ्या बाई त्यांच्या पलीकडे होत्या. त्यांच्या तपकिरी होडीच्या शिडावर पांढरं गोल ठिगळ लांबूनही दिसत होतं. "हे बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता मला माझी ओळखता येते."

फेरी अर्धी झाली आणि वारा पडला. आधी पाण्यावरच्या रेघा गेल्या. मग एकेक शीड लोंबलं. काठाजवळच्या होड्यांना कुठून कुठून उरलेल्या झुळका मिळाल्या आणि त्या रखडत, एकमेकींना धक्के देत शेवटची रेघ ओलांडून आल्या. मोठ्या बाई नवव्या आल्या. बसचालक अकरावा. मास्तरांची होडी सगळ्यांत लांबच्या बोयापलीकडे होती. तिथे काहीच नव्हतं.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. माणसं होड्या उचलून डोलकाठ्या काढू लागली, शिडं गुंडाळू लागली. मांडवात खुर्च्या सरकल्या, भोंगा खरखरला आणि निकाल सुरू झाला. खालून वर, छत्तिसाव्यापासून. प्रत्येकाचं नाव घेत होते आणि प्रत्येकाला टाळ्या होत होत्या. छत्तिसाव्याला सगळ्यांत जास्त झाल्या.

नावाडी वल्हं हातात घेऊन आला. "आणू का ओढून, मास्तर? दोन मिनिटांचं काम."

मास्तरांनी होडीकडे पाहिलं. ती पाण्याच्या मधोमध उभी होती, आणि तिच्याखाली तशीच दुसरी, उलटी. शीड सैल होतं. त्याला कडेजवळ एक चुणी होती.

"नको," ते म्हणाले. "येईल ती."

"अंधार पडेल हो."

"अजून वेळ आहे अंधाराला."

नावाड्याने खांदे उडवले, वल्हं काठावर ठेवलं आणि तो मांडवाकडे गेला. मागे भोंग्यावर एकतिसावा नंबर आला आणि त्यांचं नाव आलं. लिहून ठेवण्यापलीकडे कुणी कधी न घेतलेलं, पूर्ण नाव. टाळ्या झाल्या. बसचालकाची शिट्टी वेगळी ओळखू आली. मास्तर वळले नाहीत.

बाजूला घडीची खुर्ची उघडल्याचा आवाज आला. मोठ्या बाई येऊन बसल्या.

"तुमची कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तिथं. लांबच्या बोयाच्या उजवीकडे."

"मला नाही दिसत."

"आहे."

मोठ्या बाईंनी मान हलवली आणि जिकडे त्यांनी सांगितलं तिकडे बघत राहिल्या. मास्तरांनी शिडाच्या दोरीचा दांडा थोडा सैल सोडला, सुकाणू सरळ केलं, आणि रिमोट दोन्ही हातांत धरून उभे राहिले.